कोय, फांदी आणि नवखा माळी

हापूसची कोय पेरलीय म्हणालात. राहू दे की, पण तोच आंबा मिळेल या आशेवर बसू नका. कोय म्हणजे पराग आणि बीजांडाची सरमिसळ. पोर आईसारखं निघेलच असं नाही. कलम मात्र मूळ झाडाचाच तुकडा, रायवळ म्हणजे गावठी आंब्याच्या रोपावर जोडलेला. चव तीच, फळही लवकर.

सुरुवात सोप्यानं करा. आपल्या बेळगावकडं रताळ्याचा वेल तोडून लावतात, बी कुणी शोधत बसत नाही. तसंच जास्वंदीचं: पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी, दोन-तीन डोळे (फुटवा येतो त्या गाठी) मातीत, पावसाच्या तोंडाला. खानापूरच्या बाजूला असाल तर पाऊस दांडगा, कुंडीत पाणी साचू देऊ नका.

नवखे इथं चुकतात:
- मुळं फुटली का म्हणून रोज फांदी उपसून बघतात. मीही केलंय, सहा फांद्या गेल्या.
- फांदी उलटी खोचतात. शेंड्याकडची बाजू वर हवी.
- कलमाच्या जोडाखालचे फुटवे ठेवतात; मग वाढतं ते रायवळच.

पपई मात्र बियांचीच, एका खड्ड्यात तीन रोपं. नर, म्हणजे फळ न धरणारं झाड, कुठलं ते फुलल्यावरच कळतं, तोवर एकही उपटू नका. डोळा भरणं (फांदीऐवजी नुसता डोळा जोडणं), खुंट (ज्यावर कलम जोडतात ते रोप) निवडणं पुढच्या वर्षी बघू.