पप्पांना गप्प बसवणारं बायबलमधलं वचन मीही शोधलं होतं (उत्तर लांबलंय)

तुझी पोस्ट वाचली आणि निवडायला घेतलेली मेथी तशीच राहिली. मराठी प्रोटेस्टंट घर, होणारा नवरा कॅथलिक, मूळचा गोव्याचा, रिसेप्शन पुण्यात. त्यांच्याकडे वाइनचा टोस्ट झाल्याशिवाय लग्न लागल्यासारखं वाटत नाही आणि तुझे पप्पा म्हणतात, ग्लास दिसला तर हॉलची पायरी चढणार नाही. शेवटी तू विचारलंयस, "असं एखादं वचन सांगा की पप्पा गप्प बसतील." गावाचं आणि माणसांचं नाव बदललं की ही माझीच 2004 सालची गोष्ट आहे गं.

आधीच सांगते, मी पाळक (पास्टर) नाही, सेमिनरीत म्हणजे धर्मशिक्षणाच्या कॉलेजात शिकलेली नाही. शाळेत गणित शिकवते. त्यामुळे पुढचं सगळं एका बाईचा अनुभव म्हणून वाच, तुमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, शिकवण म्हणून नको.

इफिस 5:18, तीमथ्याला प्रेषित पौलाने पोटासाठी सुचवलेला थोडा द्राक्षारस, नीतिसूत्रे 20, रोम 14 ही बायबलमधली पिण्याबद्दलची वचनं तुला माहीत असणार, संडेस्कूल केलेलं दिसतंय. ती इथे उगाळत नाही. काना गावच्या लग्नाचं, जिथे येशूने पाण्याचा द्राक्षारस केला, त्याचं मात्र गणित सांगते, कारण ते मी खरंच वहीत मांडलं होतं. सहा दगडी रांजण, आपल्या बायबलमध्ये प्रत्येकी दोन-तीन मण. मूळ ग्रीक माप साधारण 39 लिटरचं, म्हणजे एका रांजणात अंदाजे 80 ते 120 लिटर. सहा रांजणांचे पाचशे ते सातशे लिटर होतात! आणि भोजनकारभारी म्हणतो, लोक आधी चांगला देतात, पाहुणे भरपूर प्यायले की मग हलका. सरबताबद्दल असं कोणी बोलत नाही.

आपल्याकडे सगळा घोळ आहे तो 'द्राक्षारस' या शब्दात. मराठी वाचणाऱ्याला तो रस वाटतो, रसवंतीतल्यासारखा. म्हणून आपले कितीतरी वडीलधारे मनापासून मानतात की येशूने ज्यूस केला. पण त्याच द्राक्षारसाने मस्त होऊ नका असंही लिहिलंय, आणि ज्यूसने कोण मस्त होतं? करिंथच्या मंडळीत तर प्रभुभोजनाच्या (येशूची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या) वेळीच एक उपाशी आणि दुसरा झिंगलेला, असं पौल रागावून लिहितो.

आता यावरून तुझे पप्पा अडाणी ठरत नाहीत. आमच्या मंडळीत प्रभुभोजनाला कधीच वाइन नव्हती. शनिवारी रात्री आई काळ्या मनुका भिजवलेलं पातेलं गॅसवर चढवायची, उकळून, मलमलच्या फडक्यातून गाळून, थंड करून बाटलीत भरायची. सकाळी सातला चर्चच्या मागच्या खोलीत बोटाएवढ्या पेल्यांच्या ट्रेमध्ये ते ओतताना एक थेंब बाहेर सांडू द्यायची नाही. मला वाटायचं ही पद्धत थेट प्रेषितांपासून चालत आलीय. पुढे कळलं की द्राक्षाचा रस तापवून आंबू न देता टिकवण्याची सोय 1869 मध्ये अमेरिकेतल्या थॉमस वेल्च नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्याने केली, तीही खास चर्चसाठी. त्याआधीची अठराशे वर्षं रस ठेवला की सहसा आंबायचाच. साल्व्हेशन आर्मी या प्रोटेस्टंट पंथाचा सैनिक (म्हणजे सभासद) तर दारू-तंबाखू सोडल्याची लेखी प्रतिज्ञा करतो. आपल्या औंधच्या स्पायसर विद्यापीठवाल्या ॲडव्हेंटिस्ट पंथीयांपैकी पुष्कळजण चहा-कॉफीसुद्धा टाळतात. उलट कॅथलिक मिस्साला (त्यांच्या प्रभुभोजनाच्या उपासनेला) खरीच वाइन लागते, द्राक्षाची, शुद्ध, न बिघडलेली, हा त्यांचा धर्मनियम आहे. अतिरेक मात्र तेही पापच मानतात. माझे सासरे लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचे, चाळीस दिवस थेंब घेत नाहीत आणि ईस्टरला दोन ग्लास घेऊन सगळ्या गल्लीला मिठ्या मारतात.

(अवांतर: काय प्यायलं आणि कुणाकडे प्यायलं यावरून गदारोळ व्हायची पुण्याची सवय जुनी आहे. 1890 मध्ये पंचहौद मिशन या ख्रिस्ती मिशनमध्ये नुसता चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांची नावं छापून आली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. आपली पंचकमिटी (मंडळीचा कारभार बघणारी) त्यामानाने सौम्यच म्हणायची.)

आता माझी चूक. बाकी सगळं विसरलीस तरी चालेल, एवढं वाच.

कॅथलिक चर्चमध्ये लग्न लावायचं तर आपल्याकडून बाप्तिस्म्याचा दाखला आणि अविवाहित असल्याचं पत्र लागतं. ते ज्या कार्यालयातून मिळायचं त्याचं नाव घेत नाही, तिथली माणसं आता बदललीत. मी पाच खेपा घातल्या. एकदा साहेब मीटिंगला, एकदा शिक्का दुसऱ्या कपाटात आणि कपाटाची किल्ली सुट्टीवर गेलेल्या माणसाकडे. तिसऱ्या खेपेला तिथल्या गृहस्थांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "गोव्याचे ना? म्हणजे पार्टी असणार." चौथ्या खेपेला सांगितलं, हमीपत्र द्या, 'विवाहप्रसंगी मद्य दिले जाणार नाही', खाली वडिलांचीही सही हवी. असा नियम कुठे लिहिलाय म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "नियम कशाला, रीत आहे." तो नियम मला आजतागायत कोणी दाखवलेला नाही. आणि गंमत म्हणजे त्याच कार्यालयाबाहेर दर रविवारी अमक्याचा मुलगा पिऊन बायकोला मारतो ही कुजबुज चालायची, त्या मुलाकडून कधी कोणी हमीपत्र घेतल्याचं ऐकलं नाही. असो. अजूनही संताप होतो.

लग्नाला अठरा दिवस राहिले होते. सासरी टोस्टसाठी वाइन सांगून झाली होती. मी घरी येऊन बायबल उघडलं आणि स्वतःवर खूश झाले. आपल्या बायबलमध्ये द्राक्षारस आणि मद्य असे दोन वेगळे शब्द आहेत. हमीपत्रात 'मद्य' लिहिलंय. वाइन म्हणजे द्राक्षारस. मग खोटं कुठे आहे? वकिलाला शोभेल असा मुद्दा काढून मी सही केली आणि कागद पप्पांपुढे ठेवला. पप्पा तेव्हा मंडळीचे पंच होते. त्यांनी चष्मा लावला, वाचलं आणि एवढंच विचारलं, "नक्की ना?" मी म्हटलं, "हो पप्पा, मद्य नाही." त्यांनी सही केली, खाली तारीख घातली, आणि पेनाचं टोपण लावून पेन खिशात ठेवलं. ते टोपण लावल्याचा आवाज मला अजून आठवतो.

टोस्टच्या वेळी पप्पा जेवणाच्या बाजूला पाहुण्यांकडे बघत होते, त्यांना कळलंच नाही. दोन आठवड्यांनी फोटो धुऊन आले, त्यातला एक कोणीतरी त्या कार्यालयात नेऊन दिला. माझ्या हातात ग्लास, बाजूला बाटली, लेबलासकट. मला कोणी काही विचारलं नाही. पप्पांना बोलावलं. पुढच्या महिन्यापासून त्यांनी प्रभुभोजनाचे ट्रे फिरवायचे नाहीत असं ठरलं, तेही तोंडी.

मी माझा द्राक्षारस-मद्याचा मुद्दा घेऊन त्यांच्यासमोर गेले तेव्हा ते भांडले नाहीत. म्हणाले, "लूक एक, पंधरा वाच." काढून बघ. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाबद्दल देवदूत सांगतो की तो द्राक्षारस व मद्य पिणार नाही. शब्द दोन आहेतच, पण योहानाने सोडायचं त्यात दोन्ही एकाच ओळीत बसलेत. माझी हुशारी पाच शब्दांत संपली.

ट्रे फिरवणं गेलं ते गेलंच, त्यांनी स्वतः घेणंही सोडलं. जवळजवळ तीन वर्षं शेवटच्या बाकावर बसायचे आणि ट्रे आला की न घेता शेजारच्याकडे सरकवायचे. आईने केलेला रस असायचा त्यात.

बऱ्याच वर्षांनी आत्याने सांगितलं, तेही दुसरंच काहीतरी बोलताना. शेवगावच्या बाजूला आमचं गाव. आजोबा हातभट्टीची प्यायचे. पप्पा नऊ वर्षांचे असताना आठवडी बाजारात त्यांना आयुष्यातल्या पहिल्या नव्या चपला घेतल्या आणि परतीच्या वाटेवर आजोबांनी त्या अड्ड्यावर देऊन टाकल्या. पप्पा अनवाणी घरी आले. दर जूनला आम्हा भावंडांना चपला घ्यायला ते स्वतः लक्ष्मी रोडला का न्यायचे, आईवर कधी का सोपवायचे नाहीत, ते मला त्या दिवशी कळलं. लग्नाआधी सहा महिने मी त्यांच्याशी वचनांवरून भांडले, पण "तुम्हाला दारूचा एवढा राग का?" असं एकदाही विचारलं नाही. मला वाटलं मिशनरींनी शिकवलं म्हणून म्हणतात.

तर माझं मत, पटलं तर घे. वाइनचा एक ग्लास पाप आहे असं मला बायबलमध्ये सापडलेलं नाही, झिंगणं पाप आहे हे सापडलंय. ज्या घरात कोणी व्यसनी आहे किंवा होता, तिथे तो एक ग्लासही नको, ही माझी स्वतःची भर. तुझ्या होणाऱ्या सासरी तसं कोणी असेल तर हा टोस्टचा वाद बाजूला ठेव आणि आधी मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन बोल, तिथली माणसं उपदेश करत नाहीत. पण तुझा खरा प्रश्न वाइनचा नाहीच असं मला वाटतंय. पप्पांना वचन दाखवू नकोस. त्यांना चहा करून दे, भाऊ-वहिनी घरात नसताना, आणि लहानपणी घरात कोण प्यायचं ते विचार. कदाचित काहीच निघणार नाही, नुसती मंडळीतल्या लोकांची भीती असेल. तेही कळलेलं बरं.

कुठल्याही कार्यालयाने हमीपत्र मागितलं तर त्यात जे होणार आहे तेवढंच लिही. नाही देत म्हणाले पत्र, तर नियम लेखी मागा, पाळकसाहेबांकडे जा, वरच्या कमिटीकडे जा, लग्न महिनाभर पुढे गेलं तरी चालेल. दुसऱ्याची सही तर अजिबात घेऊ नकोस.

टोस्टचं म्हणशील तर माझ्या धाकट्या नणंदेच्या लग्नात आम्ही दोन्ही ठेवलं. वाइन एका टेबलावर, काळ्या द्राक्षांचा रस दुसऱ्या, ग्लास सारखेच, पण टेबलावर मराठीत मोठ्या अक्षरांत पाट्या. घोटाळा नको म्हणून पाटीजवळ माझा नवरा उभा. पप्पांनी रसाचा ग्लास घेतला, आधी वास घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि मग उंचावला.

जाता जाता: हॉल बुक करताना करारपत्र नीट वाच, आपल्याकडच्या बऱ्याच मंगल कार्यालयांत दारू चालतच नाही आणि डिपॉझिट जप्त होतं. चालत असेल तर राज्य उत्पादन शुल्क खात्याचा एका दिवसाचा परवाना काढावा लागतो, केटरर "मी बघतो" म्हणाला तरी कागद स्वतःच्या डोळ्यांनी बघ. ड्राय डेची यादी तपास, आणि निवडणूक लागली तर मतदान संपण्याआधीचे 48 तास सगळंच बंद, हे आमच्या एका मावसभावाला आदल्या दिवशी कळलं.

तारीख कळव. फेब्रुवारी-मार्च असेल तर मार्केट यार्डात काळी द्राक्षं चांगली मिळतात, किलोला दोन वाट्या पाणी पुरतं, साखर चाखून घाल. डिसेंबर असेल तर मनुका आदल्या रात्री भिजव. आणि रस फ्रीजमध्येच ठेव, बाहेर राहिला की दोन-तीन दिवसांत आंबायला लागतो, मग पाटी बदलावी लागेल.