सरकारी वकील होण्याआधी

चि. यास,
अनेक आशीर्वाद.

सहायक सरकारी वकिलाची जागा घेऊ का, असं विचारलंस. घे. पण रुजू होण्याआधी एडवर्ड कोक, चारशे वर्षांपूर्वीचा इंग्लंडचा नामांकित कायदेपंडित, वाच, आणि अर्धाच वाचू नकोस.

एक अर्धा भाग आपण सगळेच कॉलेजात शिकतो. राजा जेम्स म्हणाला, अक्कल मलाही आहे, मग निवाडा मी का करू नये? न्यायाधीश कोकने सुनावलं, आपण बुद्धिमान आहात खरे, पण कायद्याची जाण नुसत्या बुद्धीने येत नाही, त्यासाठी वर्षं घालवावी लागतात. हे कोकनेच लिहून ठेवलंय, बरं का. त्या काळच्या एका पत्रात मात्र त्याच प्रसंगी तोच कोक राजापुढे लोटांगण घालताना दिसतो!

उरलेला अर्धा भाग १६०३चा. विंचेस्टरला वॉल्टर रॅली या दरबारी सरदारावर राजद्रोहाचा खटला चालला आणि कोक होता अॅटर्नी जनरल, म्हणजे राजाचा वकील, तुझ्याच बाजूच्या टेबलाशी. सगळा डोलारा त्याच कटातला आरोपी लॉर्ड कोबहॅम याच्या जबाबावर. रॅली पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, त्याला माझ्यासमोर उभा करा. कोबहॅमला आणलंच नाही. कोक मात्र ‘साप’, ‘राक्षस’ म्हणत अरे-तुरेवर आला. रॅलीला मृत्युदंड झाला आणि त्याच शिक्षेवर १६१८ मध्ये त्याचं डोकं उडवलं. कोकला कायदा येत नव्हता असं थोडंच आहे? त्या देशात त्याच्याइतका कुणालाच येत नसेल.

म्हणून सांगतो, एकाच जबाबावर उभी असलेली केस हाती आली तर आरोपीच्या वकिलाने मागण्याआधी तूच तपास अधिकाऱ्याला विचार, साक्षीदार कुठे आहे? आणि युक्तिवादात विशेषणं सुचायला लागली की समज, पुरावा कमी पडतोय.

दुसरं, नोंदी. कोक ऐकलेले खटले टिपून ठेवायचा. १६०० ते १६१५ मध्ये त्यांचे अकरा भाग छापले. राजाने त्यातल्या चुका दुरुस्त करायला बसवलं, तर गड्याने किरकोळ अशा पाच काढून दिल्या. त्याच वर्षी, १६१६ मध्ये, न्यायाधीशपद गेलं. तरी १६२८ मध्ये, पंचाहत्तरी उलटल्यावर, राजाच्या मनमानीला लगाम घालणाऱ्या ‘पिटिशन ऑफ राइट’ या मागणीपत्रासाठी तो संसदेत उभा राहिला, तेव्हा जुने दाखले त्याला तोंडपाठ होते. १६३४ मध्ये तो अखेरच्या घटका मोजत असताना जेम्सनंतरचा राजा चार्ल्स याची माणसं घरातले कागद उचलून घेऊन गेली. कागदांचा धाक होता तो.

तेव्हा स्वतःची वही कर, ऑफिसच्या फाइलवर विसंबू नकोस. पहिल्या महिन्याची वही घेऊन ये, आपण बसू.

तुझा,
काका