मोड आलेली कडधान्ये रोज खाऊनही पोट का फुगते?

पोट साफ राहावे म्हणून आपण रोज सकाळी वाटीभर मोड आलेले मूग आणि हरभरे कच्चेच खाता, तरीही दुपारपर्यंत पोट फुगते, असे आपण विचारले आहे. माझ्या मते यात दोष मोडांचा नसून ते कच्चे आणि एकदम वाटीभर खाण्याचा आहे.

कडधान्यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा असतात. त्या फोडणारे विकर (एन्झाइम) माणसाच्या लहान आतड्यात तयारच होत नाही, त्यामुळे त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात पोहोचतात, तेथील जिवाणू त्या आंबवतात आणि पोटात वायू धरतो. दाणा रुजू लागला की कोंबाच्या वाढीसाठी तो स्वतःच या शर्करा खर्च करू लागतो, आणि त्यांचा काही भाग भिजवण्याच्या पाण्यातही उतरतो; म्हणून ते पाणी पौष्टिक समजून वापरू नये, टाकून द्यावे. सालीखालून पांढरे टोक जेमतेम डोकावताच मोड आले असे मानण्याची घाई अनेकजण करतात. तोवर शर्करा पुष्कळ शिल्लक असतात, तेव्हा आणखी एक दिवस थांबावे. रुजण्यामुळे खनिजांच्या शोषणात अडथळा आणणारे फायटिक आम्लही घटते आणि लोह व जस्त शरीरात अधिक सहज शोषले जाते, हा वेगळा लाभ.

कच्चे खाण्याबाबत मात्र मी सावध आहे. मोडांना लागणारी ऊब आणि ओल रोगजंतूंनाही तितकीच मानवते, शिवाय जंतू मुळात बियाण्यातच असतील तर वरून कितीही धुऊन ते पूर्णपणे जात नाहीत. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई. कोलाय जिवाणूचा संसर्ग पसरून ५० हून अधिक माणसे दगावली होती. गर्भवती, लहान मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांनी कच्चे मोड टाळावेत. बुळबुळीत झालेले किंवा आंबूस वास येणारे मोड कोणीच खाऊ नयेत. राजमा तर मोड आला तरी कच्चा विषारीच असतो. तो भरपूर पाण्यात खळखळून शिजवावाच लागतो.

मी स्वतः मोड चांगले वाफवूनच खातो. त्यात थोडे क जीवनसत्त्व जाते, पण तंतू (फायबर) टिकतात, आणि पोट साफ होण्यास खरी मदत तंतूंचीच असते. आपण दोन-तीन चमच्यांपासून आरंभ करून काही आठवड्यांत प्रमाण वाढवावे आणि पाणी पुरेसे प्यावे. एवढे करूनही फुगणे थांबले नाही, किंवा वजन घटू लागले अथवा शौचातून रक्त गेले, तर आहारात फेरफार करीत न बसता डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.