किरकोळच लिही

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

मदुराईतल्या तुमच्या समाजाची सौराष्ट्र भाषा तमिळ लिपीत लिहायची, देवनागरीत की तिच्या स्वतःच्या लिपीत, हे एकदा ठरलं की लिहायला सुरुवात करीन, असं तू लिहिलंस. अगं, मदुराईत हा वाद तुझ्या पणजोबांच्या काळापासून चालू आहे. तू थांबलीस म्हणून तो मिटणार नाही.

लिपीची थोरवी तू मला सांगायला नको. तमिळमध्ये क, ख, ग, घ यांना एकच अक्षर, म्हणून तुमची माणसं अक्षराच्या खांद्यावर २, ३, ४ असे आकडे घालतात. देवनागरीत ती अडचण नाही, पण ऱ्हस्व-दीर्घ ए आणि ओ आपल्या रोजच्या वर्णमालेत वेगळे दाखवता येत नाहीत. तुमच्या लिपीत येतात. आणि तो हारू! आपण म्ह, न्ह, ल्ह लिहिताना अर्ध्या अक्षराला ह जोडतो. तुमच्याकडे त्यासाठी खास चिन्ह आहे. २००८ मध्ये ही लिपी युनिकोडमध्ये आली, फॉन्टही आहेत. मग अडलंय कुठे?

भित्तिचित्र काढायचं, टी-शर्ट छापायचे, असं तुझ्या मनात आहे. खुशाल कर. पण मी मोडी वाचणारा माणूस आहे, माझं ऐक. मोडी ग्रंथांवर जगली नाही. पोथ्या-पुस्तकं बहुतेक बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत असत. ती जगली खरेदीखतांवर, हिशेबांवर, पावत्यांवर, घरच्या पत्रांवर. हे किरकोळ लिखाण तिच्या हातून गेलं आणि ती संपली. तंजावरला, तुमच्या मदुराईपासून काही तासांवर, सरस्वती महालात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे आहेत. वाचणारे शोधावे लागतात.

म्हणून किरकोळ लिही. वाण्याची यादी, दुधाचे खाडे, आजीच्या औषधांच्या वेळा. आजीला लिपी येत नसेल, भाषा तर येते! ती बोलेल ते उतरवून घे. चुकलं तर खोड.

माझा घरखर्च आजही मोडीत असतो. मुलं वैतागतात, हिशेब कुणाला लागत नाही म्हणतात. मी बदललेला नाही, बदलणारही नाही. वडिलांची पत्रं मला दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली नाहीत, ती या हट्टामुळेच. खंत एकच, ती वही वाचणारं घरात दुसरं कुणी नाही.

२०११ च्या जनगणनेत २,४७,७०२ जणांनी सौराष्ट्र ही मातृभाषा सांगितली, आणि ती मोजली गेली गुजरातीच्या पोटात. रागव, जरूर रागव. पण राग आला म्हणून यादी लिहायची राहू देऊ नकोस. आणि यादी भावाच्या हातात देऊन त्यालाच दुकानात पाठव, म्हणजे त्याला वाचावीच लागेल.

पुढचं पत्र तुमच्या लिपीत धाड. अक्षरं लावून वाचायची मला सवय आहे.