झेनॉन एमआरआय आणि दमा : वाचकांचे प्रश्न

‘गॅसच्या एमआरआयने दमा कायमचा बरा’ हा व्हॉट्सअ‍ॅप संदेश वाचून आलेले प्रश्न थांबत नाहीत, म्हणून काहींची उत्तरे इथेच.

प्र. : हा संदेश खरा आहे का?
नाही. एमआरआय ही तपासणी आहे, उपचार नव्हे.

प्र. : मग झेनॉन या गॅसचा दम्याच्या प्रोसिजरशी (ब्राँकियल थर्मोप्लास्टीशी) काय संबंध?
फुफ्फुसात हवाच जास्त, त्यामुळे साध्या एमआरआयमध्ये ते काळेच दिसते. लेसरच्या मदतीने तयार केलेला झेनॉन-१२९ ओढून रुग्ण काही सेकंद श्वास रोखतो. गॅस पोचतो तो भाग उजळतो, बंद वाटांमागचा काळा राहतो. ब्राँकियल थर्मोप्लास्टी या प्रोसिजरमध्ये दुर्बिणीतून श्वासनलिकेच्या भिंतीला सुमारे ६५ अंश सेल्सिअस उष्णता देऊन वाढलेला स्नायू कमी करत. एरवी यासाठी तीन बैठका लागत, आणि प्रत्येकीनंतर काही दिवस दमा उसळू शके. अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात झेनॉनचा नकाशा पाहून सर्वांत बिघडलेल्या सहा नलिकांवर पहिल्याच बैठकीत उपचार केले. दिशा आशादायक आहे, पण एवढ्यावर कोणी निर्णय घेऊ नये. तीव्र दमा पाहणाऱ्या तज्ज्ञांना विचारा.

प्र. : आमच्याकडच्या सेंटरचे ‘लंग एमआरआय पॅकेज’ हेच का?
पैसे भरण्याआधी विचारा : गॅस कोणता? पोलरायझर (लेसरने झेनॉन तयार करणारे यंत्र) कुठे आहे? झेनॉनसाठी वेगळी कॉइल (छातीभोवतीचा, सिग्नल टिपणारा भाग) आहे का? उत्तरे मिळाली नाहीत तर परत या. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने) डिसेंबर २०२२ मध्ये दिलेली मान्यताही फुफ्फुसात हवा कुठे पोचते ते पाहण्यापुरतीच होती.

प्र. : नवे तंत्र येईपर्यंत वडिलांचा पंप (इनहेलर) बंद ठेवू का? त्याची सवय लागते म्हणतात.
अजिबात नाही! म्हणतात कोण, तर शेजारी. रोजचा स्टेरॉइडचा पंप सूज आटोक्यात ठेवतो. तो थांबवला की सूज परत येते, त्याला सवय म्हणत नाहीत. वर्षानुवर्षे पंप घेणारे कितीतरी जण आधी दाबतात आणि मग श्वास घेतात, म्हणजे औषध जिभेवर आणि घशात. आधी पूर्ण श्वास सोडा. पंपाच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटून श्वास सावकाश आत घ्यायला लागा आणि तेव्हाच पंप दाबा. मग दहा सेकंद श्वास रोखा, शेवटी चूळ भरा. जमत नसेल तर स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावा. कोणत्याही प्रोसिजरआधी हे तपासलेच पाहिजे. वडिलांना पंपासकट याच आठवड्यात छातीच्या डॉक्टरांकडे न्या आणि त्यांच्यासमोर ओढायला लावा. एक वाक्यही सलग बोलता येत नसेल तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, थेट रुग्णालय गाठा.

प्र. : झेनॉनने भूल चढते ना?
एका श्वासाने नाही. थोडा वेळ गरगरू शकते. तपासणीत ऑक्सिजनवर लक्ष ठेवतात.