संसदीय कामकाजाची पदविका: तुरीचे पैसे घालावेत का?

दारव्हा तालुक्यातल्या एका कास्तकार वडिलांचं पत्र आहे. मुलगी अमरावतीला राज्यशास्त्रात एमए करते, शेवटचं वर्ष, वय २३. तिला संसदीय कायदा व कार्यपद्धतीची पदव्युत्तर पदविका करायची आहे. एका खासगी संस्थेनं दीड लाख फी सांगितली आणि ‘आठ दिवसांत भरा’ म्हणून फोनचा सपाटा लावलाय. गावातले विचारतात, ‘पोरीले आमदार करता का?’ वडिलांना एवढंच हवंय: तुरीचे पैसे यात घालू का?

भाऊ, नमस्कार.

आत्ता घालू नका. पण पोरीला नाहीही म्हणू नका.

विषय खरा आहे आणि त्यात मन लावणारे आपल्या भागात मोजकेच. सभागृह टीव्हीवर दिसतं ते गोंधळापुरतं. चालतं ते कागदावर. विधेयकाचा मसुदा, प्रश्नांची छाननी, समित्यांचे अहवाल, शब्द न् शब्द टिपणारे प्रतिवेदक, ऐन वेळी नेमका नियम काढून देणारे अधिकारी. या माणसांना मतं मागायला जावं लागत नाही, हे गावात सांगून टाका. खेड्यातल्या लेकरांचं हे काम नव्हे असं कोणी म्हणालाच, तर दारापूरच्या रा. सू. गवईंचं नाव घ्या. अमरावती जिल्ह्यातलं खेडं ते, आणि गवई १९७८ ते १९८२ विधान परिषदेचे सभापती होते.

आता नोकरीचं. राज्यघटनेच्या अनुच्छेद ९८ नुसार संसदेला आणि १८७ नुसार विधिमंडळाला स्वतंत्र सचिवालय आहे. म्हणून भरतीच्या जाहिरातीही त्यांच्या वेगळ्या निघतात. त्यात पदवी लागते, परीक्षा असते, काही पदांना टंकलेखन-लघुलेखन लागतं. ही पदविका नाही म्हणून सहसा कोणाचं अडत नाही. कायद्याच्या मसुद्याकडे वळायचं असेल तर मात्र एलएलबीला पर्याय नाही. सीईटी देऊन तीन वर्षांत होईल. दीड लाख घालायचेच असतील तर मी तिकडे घालीन. आमदारांचे स्वीय सहायक हा तिसरा रस्ता, पण तिथं ओळखीवर फार चालतं, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नये.

शिकायला मात्र दीड लाख लागत नाहीत. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात राष्ट्रकुल संसदीय मंडळाची महाराष्ट्र शाखा राज्यशास्त्र आणि लोकप्रशासनाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी संसदीय अभ्यासवर्ग घेते. मंत्री, आमदार, अधिकारी स्वतः येऊन बोलतात. तुमची लेक नेमकी त्याच वर्गातली. नाव विद्यापीठामार्फत जातं, तेव्हा तिनं विभागप्रमुखांना आत्ताच गाठावं. डिसेंबर तोंडावर आल्यावर धावपळ करून उपयोग नाही. दुसरी संधी दिल्लीची. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था २०१० पासून ‘लॅम्प’ फेलोशिप चालवते. कोणत्याही शाखेची पदवी चालते, वय २५ पर्यंत हवं. पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पी अधिवेशनापर्यंत एका खासदारासोबत काम, वर मानधन. निवड कठीण आहे आणि इंग्रजीत निबंध लिहावा लागतो, हे आधीच सांगतो. तिचं वय पाहता हाताशी दोनच वर्षं आहेत.

तोवर तिनं घरी बसून एक काम करावं. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर तारांकित प्रश्नांच्या, म्हणजे ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात त्या प्रश्नांच्या, याद्या मराठीत असतात. आपल्या जिल्ह्याचा एक प्रश्न काढावा, समजा बोंडअळीच्या मदतीचा. त्याची घडण ठरलेली: ‘(१) ... हे खरे आहे काय, (२) असल्यास,... ; (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ खाली उत्तर सापडतं, ‘(१) हे अंशतः खरे आहे.’ त्या ‘अंशतः’मध्ये सगळं दडलेलं असतं, बरं का! कोणता भाग खरा, कोणता झाकला, उपप्रश्न काय विचारला असता तर मंत्र्यांना आकडा द्यावाच लागला असता, हे तिनं स्वतः लिहून काढावं. असे वीस-पंचवीस प्रश्न झाले की ‘लॅम्प’च्या अर्जात लिहायला तिच्याकडे स्वतःचं काही असेल. आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला तिला सोबत न्या. कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी) खरंच भरला की सह्या नंतर घेतल्या, ठराव कोणत्या शब्दांत लिहिला, हे तिला डोळ्यांनी पाहू द्या.

एवढं करूनही वर्षभरानं पदविका हवीच वाटली तर जरूर करू द्या. फक्त चांगल्या विद्यापीठाची किंवा विधी विद्यापीठाची, नागपूरला महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहेच, तिथं त्या वेळी काय चालू आहे ते पाहावं. या संस्थेचा फोन पुन्हा आला तर म्हणा, पदविका कोणत्या विद्यापीठाची, मान्यता कोणाची आणि मागच्या तुकडीतली मुलं कुठं लागली, हे लेखी पाठवा. पाठवलं तर मला दाखवा. तोवर एक रुपयाही भरू नका.