घाटात पिकअप जातोय म्हणून लगेच टर्बो बदलू नका

तुम्ही लिहिलंय की २०१४ ची डिझेल गाडी आहे, गावात बरी चालते पण जुना कात्रज घाट चढायला लागलं की पिकअप एकदम जातो, ३००० आरपीएमच्या वर काटा हलत नाही, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि बाजूला घेऊन बंद-चालू केली की परत ठीक. गॅरेजवाला टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) गेला म्हणतोय, करू का खर्च, असं विचारलंय. माझं ऐका, अजून पैसे भरू नका. मी मेकॅनिक नाही, पण हेच दुखणं मी चार महिने काढलंय.

बंद-चालू केल्यावर जोर परत येतो ही तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. याला लिंप मोड म्हणतात. हवेचा किंवा डिझेलचा हिशोब जुळला नाही की गाडीचा कॉम्प्युटर इंजिनला इजा नको म्हणून स्वतःच जोर कापतो, आणि चावी फिरवली की बऱ्याच वेळा पुन्हा एक संधी देतो. टर्बोचे पंखे खरंच तुटले असते तर नुसत्या चावीने जोर परत आला नसता.

माझं असं झालं की बाबांना घेऊन साताऱ्याला निघाले होते, खंबाटकीत तिसऱ्या गिअरवर चढत असताना गाडी मेल्यासारखी झाली, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि मागे ट्रक हॉर्न मारतोय, दुसरा टाकून कशीबशी कडेला घेतली. बाबांनी सीटची कड घट्ट धरली होती, ते अजून डोळ्यासमोर येतं. त्यानंतर एअर फिल्टर बदलला, डिझेल फिल्टर बदलला, एका ठिकाणी इंजेक्टर साफ करून घेतले, दुसऱ्या ठिकाणी सेन्सर नवीन टाकला, प्रत्येक वेळी आठवडाभर बरं वाटायचं कारण आठवडाभर मी घाटात जायचेच नाही. शेवटी टर्बोचं एस्टिमेट हातात आलं तेव्हा ऑफिसमधल्या एकाने धायरीतल्या छोट्या गॅरेजात पाठवलं.

तिथल्या काकांनी बॉनेट उघडल्यावर काहीच खोललं नाही, टर्बोपासून इंटरकूलरला (ही हवा थंड करणाऱ्या जाळीला) जाणारा जाड रबरी पाइप खालच्या बाजूने बोटांनी चाचपत गेले आणि हात बाहेर काढला तर बोटांना काळं, तेलकट, धुळीचं चिखल लागलेलं. "ताई, इथे बघा." वरून पाइप एकदम धडधाकट, पण त्यांनी वाकाच्या ठिकाणी दाबला तर खालून नखाएवढी चीर तोंड उघडल्यासारखी उघडली, सोडला की परत बंद. म्हणजे हळू चालवताना चीर मिटलेली, आणि घाटात टर्बोने दाब दिला की तिथून हवा बाहेर. डिझेल येतंय पण हवा नाही, म्हणून काळा धूर आणि जोर नाही. नाना पेठेतून पाइप आणला, क्लिपाही नवीन लावल्या, काम तासाभराचं. जुना टर्बो अजून तोच आहे.

तर तुम्ही काय करा. आधी गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचून घ्या आणि कुणालाही तो वाचल्याशिवाय पुसू देऊ नका, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. स्टिअरिंगच्या खाली स्कॅनर जोडायचा पोर्ट असतो, ब्लूटूथवाला साधा ईएलएम ३२७ स्कॅनर ऑनलाइन मिळतो. पी०२९९ आला तर बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, कमी पडतोय, पी००८७ म्हणजे डिझेलच्या रेलमध्ये (इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीत) दाब कमी, पी०४०१ म्हणजे ईजीआरमधून (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) जायला पाहिजे तेवढा गॅस जात नाहीये. पण कोड पार्टचं नाव सांगत नाही हे डोक्यात पक्कं ठेवा, माझ्याकडे पी०२९९ बघूनच सेन्सर बदलला होता आणि बिचारा सेन्सर खरंच सांगत होता की हवा कमी आहे!

स्कॅनरवर मॅप सेन्सरचा (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) आकडाही बघा. इंजिन बंद, नुसती चावी ऑन, तर पुण्यात साधारण ९५ किलोपास्कल दिसतो, १०१ नाही, कारण आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहोत, त्यामुळे तो सेन्सर खराब समजू नका. मग शेजारी कुणाला तरी मोबाइल धरायला बसवा (चालवताना स्वतः बघू नका प्लीज) आणि रिकाम्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस द्या. माझ्या गाडीत चिरलेल्या पाइपवर १३० च्या पुढे जात नव्हता, नवीन पाइपवर २०० च्या वर गेला. तुमचा अडकत असेल तर आधी सगळे पाइप, क्लिपा, आणि टर्बोच्या अॅक्च्युएटरकडे (टर्बोचा दाब कमी-जास्त करणारा भाग) जाणारी पातळ नळी बघा. पार्किंगमध्ये उंदीर असतील तर ही नळी हमखास कुरतडलेली सापडते, आमच्या सोसायटीत दोघांची सापडलीये.

बूस्ट बरोबर असेल तर डिझेल फिल्टर आणि त्यातलं पाणी बघा. गाडी रोज चार-पाच किलोमीटरच फिरत असेल तर ईजीआर आणि मॅप सेन्सरवर काजळी धरते, ती साफ करून घ्या. आणि आरपीएम चढतोय पण वेग वाढत नाही असं असेल तर क्लच, पण तुमचा आरपीएमच अडकतोय म्हणून ते नसावं.

टर्बो खरंच गेलाय का हे पाहायचं तर थंड इंजिनवर हवेचा पाइप काढून शाफ्ट (टर्बोच्या पंख्याचा दांडा) हलवून दाखवा म्हणा. आडवा किंचित हलला तर चालतं, आत-बाहेर जाणवण्याइतका सरकला किंवा पंख्याची पाती कवचाला घासलेली दिसली तर गेला. निळा धूर आणि ऑइल वारंवार कमी होणं हीसुद्धा खूण. पाइपात तेलाचा पातळ थर मात्र असतोच, तो दाखवून कुणी घाबरवलं तर घाबरू नका.

कुणी पेट्रोलवाले वाचत असतील तर, दिवा लुकलुकतोय आणि इंजिन थरथरतंय तर ते मिसफायर, बहुतेक प्लग नाहीतर कॉइल, तसंच दामटत नेऊ नका, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो.

आणि तोवर नवले पुलाच्या बाजूला, घाटात, बोगद्यात ही गाडी नेऊ नका, मागून जड गाड्या येत असतात आणि अशा जागी जोर गेला तर कडेला घ्यायलाही वेळ मिळत नाही. कोड आणि पूर्ण रेसवरचा बूस्टचा आकडा इथे टाका, मी बघते.